८७ सेंटीमीटर

प्लॅनिंगची ज्युरी, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडणं, संपत आली होती. भिंतीवर माझी शेवटची शीट, १:५००० ला काढलेलं रस्त्यांचं प्रस्तावित जाळं, आणि त्यात एक लाल रेघ जी मी आदल्या रात्री तीनदा काढून टाकली होती आणि चौथ्यांदा ओढली होती. प्लॅनिंगच्या सरांनी पेनचं टोक त्या रेघेवर टेकवलं आणि अगदी सहज विचारलं, "हिच्याखाली काय आहे?" मी जराही न थांबता म्हणाले, "रेसिडेन्शियल, लो-राइज, कंडिशन मिक्स्ड." सरांनी मान हलवली, कागदावर काहीतरी टिपलं आणि पुढचा प्रश्न फेजिंगवर गेला. उत्तर बरोबरच होतं, सर्व्हेच्या तक्त्यात त्या ब्लॉकसमोर हेच लिहिलेलं होतं आणि तो तक्ता मीच भरला होता. नंतर सगळे गेल्यावर शीट उतरवत होते, खालच्या दोन पिना निघाल्या होत्या, कागद वरच्या दोन पिनांवर लोंबत होता, आणि तेव्हा एकदम लक्षात आलं की हिच्याखाली काय आहे ते मला खरंच माहितीये. एक लाकडी जिना आहे. ८७ सेंटीमीटर रुंद.

तो मी स्वतः मोजलाय.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी आर्किटेक्चर आणि प्लॅनिंग दोन्ही शिकत होते, त्यातल्या आर्किटेक्चरच्या बाजूला मेजर्ड ड्रॉइंगची असाइनमेंट होती, एक जुनं घर निवडायचं आणि जोत्यापासून छपरापर्यंत इंच न इंच मोजून कागदावर आणायचं. माझी पार्टनर त्या दिवशी तापाने झोपलेली, टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नाही, मी खालच्या पायरीवर टेपच्या हुकाला कुठं अडकवायचं ते शोधत बसले होते. वरच्या मजल्यावरच्या आजी बराच वेळ कठड्यावरून बघत होत्या. मग म्हणाल्या, "मी धरते की गं, त्यात काय." त्यांनी टेपचं टोक अंगठ्याखाली इतकं घट्ट दाबून धरलं की नख पांढरं पडलं होतं. चौदा पायऱ्या. नवव्या पायरीनंतर वळण. रायझर, म्हणजे पायरीची उंची, कुठं १९ तर कुठं २२, म्हणजे पाय ठेवताना शरीराला सतत थोडं दचकायला होतं. तिसरी पायरी मधोमध झिजून वाटीसारखी खोलगट झालेली. कठडा हाताच्या उंचीला गुळगुळीत, इतर ठिकाणी खरखरीत, आणि सगळीकडे जुन्या लाकडाचा आणि ओल धरलेल्या चुन्याचा वास. मी ती झिजलेली पायरी १:२० च्या सेक्शनमधे, म्हणजे उभा छेद दाखवणाऱ्या चित्रात, ०.१ च्या पेनने काढली होती, श्वास रोखून, आणि मॅडमनी त्या एका पायरीसाठी माझी शीट सगळ्या वर्गाला दाखवली होती.

मग तीच मी, त्याच जिन्यावरून रेघ कशी काय ओढली?

याचं साधं उत्तर गणिताचं आहे आणि ते त्या रात्री मी मागच्या कोऱ्या कागदावर करून बघितलं. १:५००० म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर पाच मीटर. माझी लाल रेघ अर्धा मिलिमीटर जाड, म्हणजे नुसती रेघच अडीच मीटर रुंद झाली, रस्ता तर अजून सुरूही झालेला नाही. आणि ८७ सेंटीमीटरचा जिना त्या कागदावर येतो साधारण ०.१७ मिलिमीटर. माझ्याकडचं सगळ्यात बारीक पेन घेतलं तरी त्याच्या दोन रेघा शेजारी शेजारी काढता येणार नाहीत, चिकटतील. म्हणजे मी तो जिना विसरले असं नाहीये, त्या स्केलला तो मावतच नाही. हे कळल्यावर थोडं बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

दोन्ही विषय एकत्र घेतले तेव्हा मला वाटलं होतं की हा एकच विषय आहे, जवळून बघितला की आर्किटेक्चर आणि लांबून बघितला की प्लॅनिंग. पहिल्याच सेमिस्टरला कळलं की तसं अजिबात नाहीये. आर्किटेक्चरच्या स्टुडिओत शिरलं की गोंदाचा वास, लेझर कटरवर जळलेल्या लाकडाचा वास, फोम बोर्डचा पांढरा चुरा केसांत, बाहीवर, बॅगेत, सगळीकडे. कुणीतरी रडतंय, कुणीतरी टेबलाखाली झोपलंय, सर ट्रेसिंगचा तुकडा फाडून तुमच्या प्लॅनवर टाकतात आणि चार रेघांत तुमच्या तीन आठवड्यांचं काही वेगळंच करून दाखवतात. प्लॅनिंगच्या स्टुडिओत शांतता. स्क्रीनवर नकाशाचे थर, एक्सेलच्या शीटा, सर्व्हे फॉर्मचे गठ्ठे रबरबँड लावून. तिथं कुणी रडत नाही पण पाचपाच तास "हेक्टरी किती माणसं" यावर वाद चालतो. एकीकडे माणूस म्हणजे 'यूजर', एकीकडे 'पॉप्युलेशन'. एकीकडे साइटच्या बाउंड्रीच्या आत सगळं बारकाईने आणि बाहेर सगळं जग फिकट राखाडी. दुसरीकडे बाहेरचं सगळं बारकाईने आणि प्लॉटच्या आत एक सपाट रंग. राहती घरं म्हणजे पिवळा. आजींचं घर, त्यांची खिडकी, तो जिना, ती वाटीसारखी पायरी, सगळं मिळून एक पिवळा चौकोन.

आणि प्रश्नही वेगळे. आर्किटेक्चरच्या ज्युरीत मला कधी कुणी विचारलं नाही की याचा मेंटेनन्स कोण करणार. प्लॅनिंगच्या ज्युरीत कधी कुणी विचारलं नाही की सकाळी ऊन कुठून येतं. दोन्ही सबमिशनं बहुतेक एकाच आठवड्यात यायची, आणि मी एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर पळताना जिन्यातच डोक्यातली भाषा बदलायचे, अक्षरशः जिन्यात, मधल्या लँडिंगवर.

हे दोन विषय असे वेगवेगळ्या मजल्यांवर गेले त्यालाही फार काळ झालेला नाही. शहररचना म्हणून विद्यापीठात वेगळा विभाग लिव्हरपूलला १९०९ मधे सुरू झाला. हार्वर्डने १९२९ मधे सिटी प्लॅनिंगची वेगळी शाळा काढली आणि सातच वर्षांत, १९३६ ला, आर्किटेक्चर, लँडस्केप आणि प्लॅनिंग पुन्हा एका छताखाली आणले. छत एक झालं तरी मजले वेगळे राहतातच, हे मला आता माहितीये.

हा फरक मला सगळ्यात जास्त टोचला तो प्रुइट-आयगोच्या वेळी. एकाच आठवड्यात दोन्ही वर्गांत तोच विषय आला. अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरातली ती सरकारी वसाहत, मिनोरु यामासाकींनी डिझाइन केलेली, ११ मजल्यांच्या ३३ इमारती, १९५० च्या दशकाच्या मध्यात लोक राहायला आले आणि १९७२ मधे त्या पाडायला सुरुवात झाली, १९७६ पर्यंत काही उरलं नाही. आर्किटेक्चरच्या इतिहासाच्या तासाला आम्हाला स्फोटाचा तो प्रसिद्ध फोटो दाखवला आणि वास्तुसमीक्षक चार्ल्स जेंक्स यांचं १९७७ चं म्हणणं सांगितलं की मॉडर्न आर्किटेक्चर तिथंच मेलं. लांबलचक कॉरिडॉर, प्रत्येक मजल्यावर न थांबणारी लिफ्ट, फक्त पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मजल्यावर थांबायची, बाकीच्यांनी जिन्याने चढा-उतरा, आणि त्याच जिन्यांत लोक लुटले जायचे. चूक डिझाइनची. दोन दिवसांनी प्लॅनिंगच्या तासाला तीच वसाहत, पण फोटो नाही, आकडे. सेंट लुइसची लोकसंख्या १९५० ला साडेआठ लाखांच्या वर, १९७० ला सव्वासहा लाखांच्या आत. कायद्याची अट अशी की देखभालीचा खर्च भाडेकरूंच्या भाड्यातूनच काढायचा. लोक शहर सोडून गेले, घरं रिकामी पडली, भाडं आटलं, दुरुस्त्या थांबल्या, म्हणून अजून लोक गेले. यामासाकींनी आधी उंच आणि बुटक्या इमारतींची मिसळ सुचवली होती आणि खर्चासाठी ती नाकारून सरसकट ११ मजले करायला लावले, हेही मला त्या दुसऱ्या तासाला कळलं, पहिल्या तासाला नाही! चूक धोरणाची. मला दोन्ही पटलं आणि दोन्हींचा राग आला. लिफ्ट कमी मजल्यांवर थांबवायची म्हणजे बांधकामात पैसे वाचतात, हा हिशोब एका खोलीत झाला. आणि रात्री पिशव्या घेऊन अंधाऱ्या जिन्याने एक मजला... हा अनुभव दुसऱ्याच खोलीत. ज्या बाईला चौथ्या मजल्यावर उतरून पाचव्यावर चालत जायचं होतं तिला लोकसंख्याही लागू होती आणि बल्ब गेलेला जिनाही, एकाच वेळी.

सगळंच असं तुटलेलं नव्हतं. पहिल्या वर्षी एका सरांनी टेबलावर नोलीचा नकाशा पसरला होता, जांबात्तिस्ता नोलीने १७४८ मधे छापलेला रोमचा नकाशा, बारा तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेला. त्यात घरं गडद आणि रस्ते पांढरे, इथपर्यंत नेहमीचं. पण ते पांढरं रस्त्यावर थांबत नाही. ते चर्चच्या दारातून आत शिरतं, खांबांभोवती फिरतं, पँथिऑनच्या गोलात भरतं, आवारांत जातं आणि पुन्हा गल्लीत येतं. जिथं जिथं रस्त्यावरचा माणूस आत पाऊल टाकू शकतो तिथं तिथं पांढरं. मला आठवतं, मी बोटाने एका गल्लीतून आत शिरत शिरत खांब मोजत गेले होते आणि अंगावर शहारा आला होता, हेच, मला हेच शिकायचंय, असं वाटलं होतं. माझ्या दोन्ही डिग्र्या त्या एका कागदावर होत्या. ज्युरीनंतरच्या आठवड्यात मी तो नकाशा पुन्हा उघडून बघितला आणि पहिल्यांदाच माझं लक्ष पांढऱ्याकडे न जाता काळ्याकडे गेलं. कारण घरं तिथंही गडदच आहेत. आजींचा जिना रोममधे असता तर नोलीनेही तो रेघांखाली भरून टाकला असता.

तेव्हा मग सेर्दाकडे गेले. इल्देफोन्स सेर्दा, बार्सिलोनाच्या विस्ताराचा आराखडा करणारा, आर्किटेक्ट नव्हताच, सिव्हिल इंजिनियर. त्याच्या १८५९ च्या आराखड्याचा तो चौकटीचौकटीचा नकाशा आपण सगळ्यांनी बघितलेला असतो, साधारण ११३ मीटरचे ब्लॉक, २० मीटरचे रस्ते, चारी कोपरे तिरके कापलेले. वरून बघितलं की वाटतं की या माणसाने पट्टी ठेवली आणि रेघा ओढल्या. पण त्याआधी तो बार्सिलोनातल्या कामगारांच्या घरांत गेला होता. ते काय कमावतात, भाड्यात किती जातं, एका खोलीत किती माणसं झोपतात हे त्याने गोळा केलं, एका माणसाला किती घनमीटर हवा लागते याचा हिशोब मांडला, आणि तिथून वर चढत चढत ब्लॉकपर्यंत आणि रस्त्यापर्यंत आला. त्याच्या आराखड्यात ब्लॉकच्या दोनच बाजूंना इमारती होत्या आणि मधे बाग. पुढे चारी बाजू बांधल्या गेल्या, बागाही भरत गेल्या, सेर्दा १८७६ मधे हलाखीत गेला. तरी मला तो माणूस त्या आठवड्यात फार जवळचा वाटला. २० मीटर लिहिताना त्याच्या डोक्यात एक खोली होती. माझ्या डोक्यात काय होतं? ट्रॅफिक मॉडेल आणि डेडलाइन.

पण इथं मला स्वतःशीच भांडावं लागतं, कारण तो रस्ता चुकीचा नव्हता. ती गल्ली सगळ्यात अरुंद जागी २.१ मीटर आहे. साधारण अडीच मीटर रुंद फायर इंजिन तिथं शिरूच शकत नाही. सर्व्हेच्या वेळी एका काकांनी सांगितलं होतं की वडिलांना रात्री अटॅक आला तेव्हा ॲम्ब्युलन्स मेन रोडला उभी राहिली आणि त्यांनी आणि भावाने वडिलांना खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून गल्लीच्या तोंडापर्यंत नेलं. सांगताना ते दोन्ही हातांनी खुर्ची उचलल्याची खूण करत होते, बोलणं संपलं तरी हात तसेच होते. फॉर्ममधे त्यासाठी एक कॉलम होता, 'इमर्जन्सी ॲक्सेस: नाही'. मी टिक केली. माझी लाल रेघ त्या टिकमधून आलेली आहे. ती रेघ नको म्हणणं म्हणजे त्या काकांचे हात नाकारणं, आणि ते मी करणार नाही.

म्हणून निकाल लागून गेल्यावर, मार्कांचा काही संबंध उरला नव्हता तेव्हा, मी तो भाग पुन्हा काढायला घेतला. या वेळी १:२०० ला. पाच हजारावरून दोनशेवर आलं की लाल रेघ अचानक रेघ राहत नाही, तिला दोन कडा येतात आणि प्रत्येक कड कुणाच्या तरी भिंतीवर पडते. मी रस्ता पाच मीटर पूर्वेला सरकवला, आजींचा जिना वाचला, समोरच्या दोन घरांची मागची भिंत आणि एक मोरी गेली. पश्चिमेला वळवला तर एक झाड आणि विहीर. पॅट्रिक गेडिस हे ज्याला कॉन्झर्व्हेटिव्ह सर्जरी म्हणायचे तसं करून बघितलं, म्हणजे अख्खी गल्ली कापायची नाही, जिथं खरंच गळा आवळलाय तेवढंच मोकळं करायचं. गेडिस मूळचे जीवशास्त्राचे. १८८० च्या दशकात बायकोसोबत एडिनबरोच्या जुन्या भागातल्या पडक्या चाळवजा इमारतीत स्वतः राहायला गेले आणि तिथून दुरुस्त्या सुरू केल्या, त्यामुळे त्यांचं म्हणणं मला कागदी वाटत नाही. तर एक पडकी भिंत काढली आणि एक कोपरा सेर्दासारखा तिरका कापला तर लहान ॲम्ब्युलन्स वळते. गाडीच्या टर्निंग रेडियसचं टेम्प्लेट ठेवून तीनतीनदा तपासलं. फायर इंजिन तरी नाहीच शिरत, त्याला वेगळं उत्तर लागेल, कदाचित गल्लीच्या दोन्ही तोंडांना पाण्याची लाइन. पण ॲम्ब्युलन्स आजींच्या दारात उभी राहते.

दारात.

आणि तिथं पेन थांबलं. कारण आजी दारात नसतात, आजी वर असतात. मी पुन्हा ते जुनं १:२० चं सेक्शन काढलं, ज्याचं एवढं कौतुक झालं होतं, आणि नववी पायरी, वळण, हे बघत बसले. स्ट्रेचर साधारण दोन मीटर लांब असतं. मी गाडी वळते का हे तपासलं होतं, स्ट्रेचर वळतं का हे कुणीच तपासलं नव्हतं, ना या स्टुडिओत ना त्या. त्या काकांनी वडिलांना खुर्चीत बसवून का नेलं, फक्त गल्ली अरुंद म्हणून? का घरातलाच जिना वळत नव्हता म्हणून? मी विचारलंच नव्हतं. माझा प्रश्न गल्लीपाशी सुरू व्हायचा. आणि मेजर्ड ड्रॉइंगच्या वेळी जिन्याचा प्रत्येक मिलिमीटर घेतला तेव्हा माझा प्रश्न उंबऱ्यापाशी संपायचा, झिजलेली पायरी सुंदर दिसली म्हणून सुंदर काढली, ती कुणाच्या पायांनी झिजली आणि ते पाय आता कुठं आहेत हे शीटवर कुठंच नव्हतं.

मग आठवलं. टेप धरून उभ्या असताना आजी एक वाक्य बोलल्या होत्या. मी तेव्हा ८७ लिहित होते, वर न बघता "हो का" म्हणाले होते. त्या म्हणाल्या होत्या, "मी आता फारशी उतरत नाही खाली, त्या वळणावर भीती वाटते." माझ्या त्या वेळच्या वहीत ८७ आहे, १९ आहे, २२ आहे, कठड्याची उंची आहे. ते वाक्य नाहीये. आणि दोन वर्षांनी केलेल्या सर्व्हेत त्या घरासमोर 'व्यक्ती: १, वय: ६५ पेक्षा जास्त' असं आहे आणि तिथंही ते वाक्य नाहीये. दोन्हीकडे मीच होते. आर्किटेक्चरवाल्यांना प्लॅनिंग कळत नाही आणि प्लॅनिंगवाल्यांना घर कळत नाही असं मी नेहमी म्हणायचे, माझ्याकडे दोन्ही आहे असं मला वाटायचं, पण दोन्ही माझ्यात होतं ते शेजारी शेजारी होतं, एकमेकांशी बोलत नव्हतं.

मागच्या शनिवारी टेप घेऊन गेले. सांगून गेले नव्हते. पायऱ्या चढताना तिसरीवर पाय आपोआप मधोमध पडला. आजींनी ओळखलं, नाव आठवलं नाही पण टेप आठवला. "राहिलं होतं का गं काही मोजायचं?" म्हणाल्या. मी म्हणाले, "हो आजी, वळण राहिलं." त्या उठायला लागल्या, मी नको नको म्हणत होते, हुक खिळ्याला अडकतोय म्हणत होते, पण त्या कठड्याला धरून आल्याच आणि वरच्या पायरीवर बसून टेपचं टोक अंगठ्याखाली दाबलं. आतल्या कोपऱ्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत ९१. त्यांचा हात थोडा थरथरत होता म्हणून पुन्हा मोजलं. ९१ च. या वेळी मी त्यांना सगळं सांगितलं, कोपरा कापायचा आहे ते, गाडी दारापर्यंत येऊ शकते ते, आणि हा रस्ता खरंच होणार नाहीये, हा फक्त अभ्यास आहे, हेही. त्या नीट ऐकत होत्या.

"आणि मग इथून?" त्यांनी वळणाकडे बोट केलं.

"इथून आडवं नेता येणार नाही आजी. बसवूनच न्यावं लागेल, खुर्चीत."

"मग खुर्ची हात असलेली हवी," त्या म्हणाल्या, आणि टेपचं टोक सोडलं.